नालबंद

दस्तगीरचाचानं शर्यतीचं मैदान पाहिलेलं नाही.
पाहिले ते खूर,
गुडघ्यांत धरून, उलटे,
विजापूर वेशीत टांगे होते तोवर.

आता रविवारी टपरीवर
पॉवरलूमची पोरं एका मोबाईलवर वाकतात.
पुण्याचे घोडे. गज्जमच्या नरेशचे पन्नास रुपये.
"चार नंबर! चार नंबर!"
कडक भाकरी मोडावी तसे आवाज.

"मागचा डावा चोरतोय रे तो,"
चाचा बशीतून म्हणाला.
कोण ऐकतं.

चार नंबर सातवा आला.

मग बाकड्यावर जागा झाली,
चहा आला, बिनसाखरेचा, आठवणीनं.
"पुढच्या रेसला कोण, चाचा?"

चाचा अजून मोबाईलकडेच बघत,
तिथं जाहिरात लागलेली:
"त्याचा नाल काढला का कुणी,
का तसाच उभाय?"