अकरा वेळा

स्विंडनमध्ये, गुरुवारी संध्याकाळी सहाला,
मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत
आम्ही पासष्ट पौंड देऊन भांडायला जातो.
भांडायला म्हणजे, तसं नाही.
इंग्रजीत आम्हाला भांडता येत नाही.
इंग्रजीत आम्ही कर्ज मागायला आल्यासारखे बसतो,
"मला असं वाटतं की" म्हणत
एकमेकांना वाक्याच्या शेवटापर्यंत बोलू देतो.
घरी एकोणीस वर्षांत हे घडलेलं नाही.

हेदरबाईंच्या टेबलावर टिश्यूंचा खोका,
वरचा कागद कायम अर्धा बाहेर,
आधीचं कुणी रडायचं अर्धवट ठेवून गेल्यासारखा.
उन्मेष तो आत खोचतो.
त्याला उघडं फडताळ चालत नाही, तुंबलेलं सिंक चालतं.
हे मी तिसऱ्या गुरुवारी सांगितलं.
बाईंनी लिहून घेतलं. मला बरं वाटलं,
लहानपणी चहाडी केल्यावर वाटायचं तसं.

पाचव्या गुरुवारी त्या म्हणाल्या,
आज तुमच्या भाषेत भांडा.
मला कळायची गरज नाही, मी नुसती बघेन.

आधी हसू आलं.
मग त्यानं बॉयलरचा विषय काढला,
मी त्याच्या बहिणीचा,
बहिणीवरून, ईशान कार्डिफला गेल्यापासून
दोन ताटं दोन खोल्यांत का,
आणि ताटांवरून
(तिकडे वळायचं नव्हतं मला, पण उतार लागला होता)
थेट साताऱ्याला, त्याच्या बाबांच्या दिवसांना.

"तू म्हणालास, नाही आलीस तरी चालेल."
"चालेल म्हणालो म्हणजे काय, चालणार होतं?"
"मग तसं सांगायचं."
"कधी? बॅग हातात, बाबा तिकडे बर्फावर,
आणि मी तुला समजावत बसू?"
"माझी नाइट होती, उन्मेष."
"जाऊ दे."
"नाही, बोल."
"जाऊ दे म्हटलं ना."
"हो. जाऊ दे. नेहमीसारखं."

शेजारच्या हॉलमध्ये कुणीतरी खुर्च्या रचत होतं.

बाईंनी वहीतून मान वर केली.
एक शब्द तुम्ही दोघंही वापरता, म्हणाल्या,
अकरा वेळा आला, मी रेघा मारल्यात.
आणि त्यांनी तो उच्चारला, 'दे'चा 'डे' करून,
अनोळखी स्टेशनचं नाव विचारावं तसा.
अर्थ काय त्याचा?
उन्मेष म्हणाला, सोडून देणं. जायचं ते जाऊ देणं.
अच्छा, बाई म्हणाल्या. मग गेलं का?
कुठे गेलं?

त्यांनी खरंच विचारलं होतं,
म्हणून आम्हीही खरंच बघितलं,
कोट टांगले होते तिकडे, दाराखालच्या फटीकडे.
मला आमचा जिन्याखालचा कप्पा दिसला.
व्हॅक्यूमच्या मागे ईशानचे क्रिकेटचे पॅड,
पॅडांच्या आत, मोज्यात गुंडाळून,
बाबांच्या चष्म्याची डबी.
साताऱ्याहून आणून त्यानं ती मला न दाखवता ठेवली,
आणि मला सापडली तेव्हा
मी न विचारता परत ठेवली.
तेव्हा मनात काय म्हणाले असेन?
तेच. त्याची रेघ कुणी मारली नाही.

पन्नास मिनिटं झाली. पुढच्या गुरुवारी भेटू.

गाडीच्या काचेवर पिवळं पाकीट.
तासाचंच तिकीट काढलं होतं त्यानं, सहा मिनिटं उलटलेली.
"तरी मी म्हणत होते."
"जा—" तो म्हणाला, आणि थांबला.
पाकीट हातात घेऊन नुसता उभा,
पत्र आल्यासारखा.
"दोन तासांचं काढायला हवं होतं," म्हणाला.

आत बसल्यावर बराच वेळ किल्ली फिरवली नाही.
मग समोर बघतच,
"तू यायला हवी होतीस."
एवढंच. साडेतीन वर्षांनी.

मी पट्टा लावला. काढला.
म्हटलं, चष्म्याची डबी सापडलीय मला.
"माहितेय," तो म्हणाला.
"उलटी ठेवलीस."