इथेच असल्याचा दाखला

दर जूनमध्ये एक कागद लागतो.
'सदर व्यक्ती गेले वर्षभर
कोल्हापूर जिल्ह्यातच कामाला होती.'
खाली तारीख, गोल शिक्का,
आणि माझी सही, जी दर साली थोडी वाकडी होत गेली.
तो पोचला की कर्जाचा पाचवा हिस्सा सरकार भरतं.
सात लाख साठ हजार भागिले पाच.
एक लाख बावन्न हजार:
एका वर्षाच्या 'इथंच आहे'चा भाव.

मंगळुरूला शिकले मी, कानांचं शास्त्र.
अण्णांनी जामीन म्हणून सही केली तेव्हा
बँकेतला माणूस तीनदा म्हणाला, "व्याजदर बदलता आहे."
अण्णा तीनदा म्हणाले, "हो, हो, चहा नको."
उद्यमनगरात एकतीस वर्षं
ओतकामाचे लाकडी साचे केले त्यांनी,
शेजारी दिवसभर घण.

आता दुसऱ्या मजल्यावर माझी खोली.
खोलीत एक पेटी, माणूस मावेल एवढी,
आतून स्पंज, दाराला जाड रबर.
शिरोलीहून पाळी सुटली की येतात,
भुवयांत काळी वाळू घेऊन.
मी सांगते: शिट्टी ऐकू आली की बटण दाबा.
बारीक असली तरी दाबा.
आल्यासारखी वाटली तरी दाबा.

चार हजार हर्ट्झपाशी सगळ्यांचा आलेख
खड्ड्यात गेल्यासारखा खाली जातो.
वयं वेगळी, आडनावं वेगळी,
खड्डा तोच.

मेहबूब शिकलगार काचेतून माझ्या बोटांकडं बघायचा.
बोट हललं की बटण.
पहिल्यांदा वाटलं, काय कान आहेत या माणसाचे!
मग मी हात टेबलाखाली घेतला,
आणि पेटीत नुसतीच शांतता.
बाहेर येऊन म्हणाला,
"ताई, ऐकू येतंय असंच लिवा.
न्हाईतर गेटावरचं काम देत्यात. पगार निम्मा."
काय लिहायचं?
मी खरं लिहिलं.
त्यानंतर दोन वर्षं तो आला नाही.

रोहिणी हेरवाडे, माझ्याच वर्गातली,
हॅलिफॅक्सहून रात्री फोन करते.
तिचं कर्ज तिनं चौदा महिन्यांत फेडलं.
"तुला बांधून घातलंय गं," म्हणते,
आणि लगेच विचारते,
गंगावेशीत अजून म्हैस समोर पिळून देतात का.
मी म्हणते, देतात.
शेवटची कधी गेले होते, ते सांगत नाही.

बांधून? असेलही.
तिसऱ्या साली पुण्याहून बोलावणं आलं होतं,
नवं यंत्र, दुप्पट पगार.
पुणं राज्यात, पण जिल्ह्यात नाही.
मी नियम दोनदा वाचला,
मग तिसऱ्यांदा, चुकून काही वेगळं लिहिलं असेल म्हणून.
त्या रात्री घरातला टीव्ही इतका मोठा होता
की मला रडताना कुणी ऐकलं नाही.
दुसऱ्या दिवशी अण्णांना पेटीत बसवलं.
तेही माझ्या बोटांकडंच बघत होते.

या जूनमध्ये पाचवा कागद दिला.
कारकुनानं रजिस्टर मिटलं:
"झालं मगदूम बाई, फिटलं. आता कुठं?"
मी म्हटलं, "ओपीडीला उशीर होतोय."
जिन्यात लक्षात आलं,
पुढच्या जूनमध्ये मला कुणीच विचारणार नाही
की मी आहे का.

दुपारी मेहबूब आला, पोराला घेऊन.
पोरगं एकोणीसचं, आठवडाभरापूर्वी फेटलिंगला लागलेलं.
"ह्याचं आत्ताच बघून ठेवा," म्हणाला,
"म्हंजे नंतर कळंल, किती गेलं ते."
पोराला आत बसवलं. दार लावलं.
हात टेबलाखाली घेतले.
अजून एकही शिट्टी सोडली नव्हती मी,
आणि पॅनेलवरचा दिवा लागला.