खांब नंबर तीनशे अठरा

सोहारच्या इंडस्ट्रियल एरियात
कॅम्पकडून बेकरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर
एक दिवा सात महिने बंद होता.
सात महिने आम्ही सगळे
तेवढ्या काळोखापुरता मोबाइलचा उजेड पाडत गेलो.
बोलायचं कुणाशी? आपण पाहुणे.
पाहुण्याने यजमानाच्या दिव्यावर बोलू नये,
हे आईने शिकवलेलं, नंतर व्हिसाने.

मग मोतालेबला पिकअपने उडवलं.
सिल्हेटचा पोरगा, सायकलला पंधरा रोट्यांची पिशवी.
वाचला. पाय गेला मांडीत.
रोट्या सकाळपर्यंत रस्त्यावर होत्या,
टायरच्या नक्षीसकट.

त्या रात्री खांबापाशी जाऊन उभा राहिलो.
अकरा वर्षं येता-जाता,
आणि खांबाला नंबर असतो हे तेव्हा दिसलं.
अरबी आकडे. तीन, एक, आणि आठ म्हणजे
नुसतं कौलारू छप्पर, खाली घर नसलेलं.

शशीधरन म्हणाला, नाव काळ्या यादीत जाईल.
दाऊद वांगडे म्हणाला, सरपंच झालास काय रे?
रविवारी अर्ध्या दिवसाचा पगार सोडून
मी बलदियात गेलो.
टेबलामागे खल्फान नावाचा माणूस, भरतकामाची टोपी, थंड झालेली कॉफी.
घर त्या रस्त्यावर आहे?
नाही.
दुकान? गाडी?
नाही.
मग तुझा संबंध काय?
मी दोन बोटं टेबलावर चालवून दाखवली.
तो हसला नाही.
एका रकान्यात त्याने उजवीकडून डावीकडे
छोटासा शब्द लिहिला, शिक्का मारला,
पावती दिली.
आकडे मला येतात. अक्षरं नाहीत.

नवव्या दिवशी दिवा लागला.
शशीधरन म्हणाला, देखो, अपने आप आ गया.

सुट्टीत गावी गेलो तर ग्रामसभा लागलेली.
लागलेली म्हणजे वही घरोघर फिरत होती;
शिपाई ओट्यावर बसून सह्या घेतो,
चहा पितो, कोरम पूर्ण होतो.
कुंदाने नऊ वर्षं अशीच सही केलेली.
यंदा मी शाळेत जाऊन बसलो. मला धरून सहा जण.
विचारलं, वाडीतल्या टाकीवर फलक आहे, पाणी का नाही?
गल्फवाल्यांनी देवळाच्या देणगीचं बोलावं, एक जण म्हणाला,
आणि पाच जण हसले, त्यात मीही होतो बहुतेक.
तेवढ्यात दारातून कुंदा,
हात ओले, पदराला पुसत:
हे अठ्ठावीस तारखेला परत जातील.
मी इथंच आहे. मला सांगा.

पाणी अजून आलेलं नाही.
पण पुढच्या वेळची वही तिने कोरी परत पाठवली.
सांग म्हणाली, सभा भरली की येऊन सही करीन.
आता शिपाई आमचा ओटा टाळून जातो,
चहापत्ती वाचते, असं ती फोनवर सांगते.

मोतालेब लंगडतो. मदरशात शिकलेला,
अक्षरं लावता येतात, अर्थ नाही.
काल त्याला पावती दाखवली.
नखाने एकेक अक्षर पुसल्यासारखं करत तो म्हणाला, माशी.
माशी?
मला वाटलं, बरोबर लिहिलंय त्याने.
हाकलली तरी येऊन बसणारी.

दाऊदला वीस वर्षं झाली इथे. त्याने चष्मा लावला.
म्हणाला, इथल्या बोलीत माशी म्हणजे
काही नाही. नाहीच.
आणि पुस्तकात
माशी म्हणजे पायी चालणारा.
खल्फानने कुठलं लिहिलं?
ते आता त्यालाच विचार, दाऊद म्हणाला, आणि भात टाकायला उठला.

पावती घडी करून रेसिडेंट कार्डाच्या मागे ठेवली.
मोतालेब दारातच घुटमळत होता.
भाई, तीनशे एकवीस पण गेलाय. मशिदीच्या वळणावर.
नंबर त्याने तळहातावर लिहून आणलेला,
घामाने अर्धा पुसलेला.

तुझं कार्ड घे, म्हटलं. रविवारी तूच बोल, मी शेजारी उभा राहतो.
लांब आहे. काठी विसरू नको.