रकाना सातवा

मार्चअखेरचा मंगळवार. पंखा तीनवर अडकलेला.
जिल्हा क्रीडा कार्यालयात माझ्या टेबलासमोर
भडांगे वस्ताद येऊन उभे राहिले,
नखांच्या कडेला तांब्याचा हिरवट कळंक.
मागे हर्षाली मोगल, दहावी ब,
वाढीव गुणांचा अर्ज छातीशी धरून.

मी अर्ज वाचला. रकाना सातवा : क्रीडाप्रकार.
पुढे ठसठशीत अक्षरात : फरीगदगा.

माझ्याकडे यादी आहे, लॅमिनेशन केलेली.
तिच्यात कराटे आहे, तायक्वांदो आहे, वुशू आहे,
दोरीच्या उड्यासुद्धा आहेत.
फरीगदगा नाही.

"संघटना आहे का? राज्याची?"
"आम्ही नऊ जण आहोत."
"वजनगट?"
"समोर येईल त्याचं वजन."
"गुण कसे मोजता?"
"मोजत नाही. चुकतो त्याला कळतं."
"मग हे बसवू कशात, वस्ताद?
व्यायाम? लोककला? मिरवणुकीतलं प्रात्यक्षिक?"

ते रागावले नाहीत. रागावते तर बरं होतं,
रागावलेल्या माणसाला नियम दाखवता येतो.
ते टेबलाखाली बघत होते.
"डावी टाच अजून उचललेलीच असते, वाघचौरे."

बेचाळीस दिवस.
सातवीच्या सुट्टीत बेचाळीस दिवस
मी तांबट आळीतल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो होतो.
आधी अर्धा तास घागरीवर ठोके.
हातोडी आपटायची नाही रे, सोडायची.
ती आपली आपण वर येते.
नाही आली तर मनगटात भीती बसलीय समज.
मग हातात फरी. चामड्याला वास
घामाचा आणि भांडी घासायच्या चिंचेचा.
हाताकडे बघू नको, हात खोटं बोलतो.
टाचेकडे बघ, तिला तेवढी अक्कल नसते.
हूल द्यायची तर अर्धा क्षण
तुलासुद्धा ती खरी वाटली पाहिजे.
आणि कितीही जिंकत असलास तरी
समोरच्याला परत फिरायला वाट ठेव.
कोंडलेला माणूस कुठल्याच पवित्र्यात सापडत नाही.

त्रेचाळिसाव्या दिवशी मी गेलो नाही.
कारण काही नव्हतं. चाळीत क्रिकेट सुरू झालं होतं.
त्यांनी कधी निरोप धाडला नाही,
आणि मी सराफ बाजाराला जायचं तरी
आळी टाळून, लांबून जात राहिलो.
ही माझी एवढीच रणनीती, तीस वर्षांची.

"मारामारीच म्हणाल," वस्ताद म्हणाले,
"तर द्वारका चौकात रोज होते. तिला कोण कला म्हणतं?
अन् नुसतं गरगर सुंदर फिरायचं, तर भिंगरी आहे की.
या दोन्हींच्या मधलं काहीतरी आम्ही करतो.
त्या मधल्याला यादीत जागा असली तर बघा."

मी बघितलं. खरंच बघितलं.
यादी उलटीही केली.
पाठीमागे कुणाचा तरी चहाचा हिशेब होता,
तोही प्लास्टिकच्या आत कायमचा.

शिक्का उचलला. अपात्र.
आपटला नाही मी.
सोडला.
तो आपला आपण वर आला.

हर्षालीनं अर्जाची घडी घातली,
माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याकडे बघितलं एकदा.
बाहेर व्हरांड्यात ढालींची खोकी,
कबड्डीची अकरा पोरं, चहाचा ट्रे घेतलेल्या मंदाबाई.
ती त्यातून गेली.
कुणाला धक्का नाही, कुणी बाजूला सरकलं नाही,
आणि तरी ती पलीकडे जिन्यावर होती.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
मला कुणी शिकवलेलं नाही.

वस्ताद जरा मागे रेंगाळले.
येणाऱ्यांसाठीची लोखंडी खुर्ची
टेबल आणि भिंतीच्या मध्ये आडवी आली होती.
ती त्यांनी उचलून, आवाज न करता,
हातभर पलीकडे ठेवली,
मला उठून जाता येईल इतकी.