उसना नऊ नंबर

तीस एप्रिलला मुदत संपते.
नांदेडच्या क्लबचं पत्र काउंटरवर पडलंय,
उडू नये म्हणून वर वॉशरची पुडी.
साठ हजार द्या, नाहीतर पोरगा परत करा.

मी खजिनदार. परभणीत स्टेशन रोडला
माझं मोटारपंपाचं दुकान.
फुटबॉल मला फारसा कळत नाही, हिशोब कळतो.
वहीत 'उसने आणले' या रकान्यात
दोन जाळ्या, जिंतूरवाल्यांच्या,
एक फक्की मारायचं यंत्र,
आणि खाली मेघनाथ आडे, वय तेवीस,
किनवटच्या पुढचा तांडा.

चौदा सामने, अकरा गोल.
दुधाटे म्हणाले, अकरा कसले,
चार तर पूर्णेकरांना मारले,
त्यांचा गोली त्या दिवशी लग्नाला गेलता.
खाजा मोईन, आमचे कोच, म्हणाले,
असा डावा पाय बाजारात मिळत नाही.
पास देत नाही तो.
द्यायचा कुणाला? तुमच्या भाच्याला?
असं बराच वेळ.
अर्धं शटर खाली, आठ जण, चहा दोनदा.

त्याच्या जर्सीवर नाव छापलेलं नाही.
छपाई दीडशे रुपये, उसन्यावर कोण छापतं?
दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी,
त्यावर मार्करनं 'आडे'.
हाफटाइमनंतर घामानं तिचं एक टोक सुटतं
आणि तो पळतो तेव्हा पाठीवर फडफडत राहतं.

आणि आपला अफसर?
हे दुधाट्यांनी विचारलं, मग कुणीच बोललं नाही.
अफसर एकोणीसचा, नगरपालिकेच्या शाळेतला,
चौदाच्या चौदा सामने बाकावर,
मांडीवर पाण्याच्या बाटल्या.
लातूरला मेघनाथनं तो लांबून मारला ना,
तेव्हा सगळ्यांच्या आधी उठला अफसर,
आणि सगळ्यांच्या आधी खालीही बसला.

मतं चार-चार.
सगळे माझ्याकडं बघू लागले,
पंप पाणी ओढत नसला की
गिऱ्हाईक बघतं तसं.
मी म्हणालो, उद्या सांगतो.

सकाळी ग्राउंडवर गेलो, कुणी यायच्या आत.
कडेच्या शिरीषाला एक खिळा,
खिळ्याला मेघनाथचा टॉवेल.
मला एकदम बरं वाटलं.
जायचं असलेला माणूस खिळा ठोकत नाही,
एवढं तर मला फुटबॉल न कळता कळतं.
त्याला म्हणालोही तसं.
तो बुटाची नाडी बांधत हसला,
"नाय काका, खिळा पयल्यापासूनच हाय.
अफसरनं ठोकलेला, सहावीत असताना."

तरी मी हो म्हणालो.
साठ हजार, तीन हप्त्यांत.
का म्हणालो, ते कुणी विचारलं नाही,
अकरा गोल हे उत्तर सगळ्यांना पाठ होतं.
नाव छापायला टाकलं.
'उसने आणले'मधली ती ओळ
पट्टी धरून खोडली.

मग हिंगोलीवाल्यांचा फोन आला,
एखादा स्ट्रायकर असंल तर द्या, एका सीझनपुरता.

अफसर सही करायला दुकानात आला.
उभ्यानंच केली, वाचली नाही.
जाता जाता काउंटरवरची चिकटपट्टी उचलली,
निम्मी संपलेली,
"काका, ये ले जाऊं?
उनो लोगां नाम थोडी छापींगे."
घेऊन जा म्हणालो.

वहीत नवा रकाना आखला, 'उसने दिले'.
पयलंच नाव त्याचं, मुदत पुढचा तीस एप्रिल.
चिकटपट्टीची किंमत कुठं मांडावी
ते मात्र समजंना.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
क्लबची एक वस्तू गेली
आणि मी ती लिहिली नाही.