पुन्हा सापडलेले

जिंतूरच्या अलीकडं, बारवेच्या चौदाव्या पायरीवर
रात्री साडेआठला मी बेडूक धरते.
ओल्या हातानं. कोरडा तळवा त्यांना पोळतो.

मांडीच्या आतल्या बाजूला कातडी इतकी पातळ
की सुईचं टोक पुढं सरकताना दिसतं.
एक रेघ, तांदळाच्या कणीएवढी.
आधी पातळ असतो रंग, मग आतल्या आत
रबरासारखा घट्ट होऊन बसतो.
डावी मांडी, नारंगी: कार्तिक.
उजवी, पिवळी: मार्गशीर्ष.
वहीत लांबी, वजन, वेळ, पायरी.
मग सोडायचं. तो पाण्यावरून पळत जातो,
बुडायचं नंतर आठवल्यासारखा.

मेंढ्या वाघरीत घालून
सोजरबाई कठड्यावर येऊन बसतात.
"काय करायलीस माय?"
खुणा करते, म्हणाले. परत सापडला तर ओळखू यावा.
तहसीलच्या कारकुनाला हसू आवरलं नव्हतं. त्या हसल्या नाहीत.
"आमी पाठीवर गेरू लावतो. तू आतून लावायलीस.
पर ह्ये खांड कोणाचं?"

वहीत त्याला रकाना नाही.

हिशेब सोपा आहे, मी त्यांना सांगितला.
कार्तिकात खुणा केल्या चाळीस.
मार्गशीर्षात धरले तीस, त्यात खुणेचे सहा.
चाळीस गुणिले तीस, भागिले सहा.
म्हणजे बारवेत दोनशे आहेत.
सोजरबाईंनी बोटांची पेरं चाचपली.
"समदे तुला दिसले न्हाईत, तरी हायेत म्हनतीस."
होय.
"मंग इस्वासाचंच काम हाय की."

त्याच रात्री एक उसळला
आणि सुई माझ्या अंगठ्यात.
पिवळा. धुतला, घासला, गेला नाही.
सरांना फोन केला, ते म्हणाले, काही होत नसतं, झोपा.
जांभळा टॉर्च लावला की खाली पाण्यात
पाय ताणला की एक कणी पेटते, आखडला की विझते,
आणि वर, टॉर्च धरलेल्या हाताशेजारी,
माझीही एक, विझत नाही ती.
हे वहीत लिहिलं नाही.

माघात बारव साफ करायचं निघालं.
तीन दिवस मोटर. गाळ वर, बाभळी तोडल्या,
मधल्या कोनाड्यातून चपला निघाल्या, दारूच्या बाटल्या,
एक न फुटलेला नारळ.
चांगली पोरं होती. रविवार मोडून आलेली.
मीही टोपल्या उचलल्या, प्रत्येकीत
कोपरापर्यंत हात घालून बघत.
"मॅडमचं काही पडलंय का?" एकानं विचारलं.

फाल्गुनात धरले अकरा. खुणेचा एकही नाही.
एकूण खुणा चौसष्ट.
चौसष्ट गुणिले अकरा, भागिले शून्य.
इथं सूत्र तोंड मिटून बसतं.
मेले, का निघून गेले, का खूणच गळाली,
का मीच नीट बघितलं नाही,
त्याला सगळं सारखंच.

टॉर्च सोजरबाईंकडं ठेवून मी परभणीला आले.
प्रबंधात एक परिच्छेद लिहिला, खोडला,
पुन्हा तोच लिहिला.

चैत्रात फोन. रात्रीचे दहा,
मागं कुत्री, कुणाच्या तरी गळ्यातली घंटा.
त्यांचा तळ आता पाऊण कोस वर, एका शेततळ्यापाशी.
"माय, हितं एक हाय. नारंगी."
डावी मांडी का उजवी?
"त्ये कुठलं कळायलंय. बत्ती धरली तर
पलास्टिकवरून घसरलं, गेलं पान्यात."
नक्की नारंगी होता?
"गेरू वळखते मी."

धरला नाही. मोजला नाही. मांडी माहीत नाही.
अशी नोंद धरत नाहीत.

वही उलटी केली. मागच्या पानावर,
जिथं किराणा आणि बसच्या वेळा,
पेन्सिलीनं लिहिलं:
सोजरबाई, एक.