परिच्छेद एकशे चौदा

ज्या हॉटेलात एरवी लग्नाच्या पार्ट्या होतात
तिथेच टेबलं जोडून न्यायाधिकरण बसलं होतं.
छताला एक चंदेरी फुगा चिकटलेला,
निम्मी हवा गेलेला.
त्याच्याखाली बसून एर्लिंडा मकराएगने सांगितलं
फोरमन तिला काय म्हणायचा, किती वेळा,
आणि शीतघराच्या दारात कसा आडवा उभा राहायचा.

कंपनीच्या वकिलाने विचारलं, नक्की तारीख?
ती म्हणाली, गुलाबी सॅमन यायला लागला त्या आठवड्यात.
मासा म्हणजे तारीख नव्हे, बाई.
मला तारीख माहीत होती. सोळा जुलै.
माझ्या धाकट्याचा पहिला दात पडला होता त्या दिवशी.

प्रिन्स रूपर्टच्या त्या कारखान्यात
पट्ट्यावर नऊ वर्षं तिच्या डावीकडे मी.
तिची सुरी माझ्याहून चपळ.
तो आला की तिची सुरी थांबायची,
आणि माझी
(हे मी शपथेवर सांगितलं नाही)
माझी भराभर चालू लागायची.
मिठाचं पाणी घोट्यापर्यंत असतंच तिथे,
मी तर गुळणीच धरली होती.

सात महिन्यांनी निकाल आला. एकसष्ट पानं.
माझ्या स्वयंपाकघरात आणून म्हणाली,
तू वाच, कॉलीन, मला त्यांचं इंग्रजी टोचतं.
बुडालेला पगार : अकरा हजार चारशे बासष्ट.
परिच्छेद एकशे चौदा :
प्रतिष्ठा, भावना आणि आत्मसन्मान
यांना झालेल्या इजेबद्दल
बावीस हजार डॉलर.

इजा म्हणजे नॉर्मला झाली तशी?
मुंडकी छाटायच्या यंत्रात नॉर्मची दोन बोटं गेली,
तेव्हा भिंतीवर तक्ता होता,
कुठल्या बोटाचे किती टक्के.
पाकिटाच्या मागे आम्ही हिशेब मांडला.
दोन बोटांहून थोडं जास्त निघालं.
अंगठा धरला तर कमी.
ती हसली, खूप हसली,
मग चहा ओतायला उठली आणि ओट्याशीच उभी राहिली,
पाठ माझ्याकडे.

मी पुढे वाचत गेले, थांबायचं कसं ते कळेना.
माफी मागायला लावणं आमच्या अखत्यारीत नाही.
व्यवस्थापकांना चार तासांचं प्रशिक्षण.
व्याज.
मग मागची पानं उलटताना परिच्छेद सत्याऐंशी :
सहकारी साक्षीदार प्रामाणिक वाटली,
मात्र तिला फारसं आठवत नव्हतं.
तेही वाचलं. आवाज तोच ठेवला.
ओट्याकडून काहीच आलं नाही.
किटलीचं झाकण तेवढं वाजलं.

शेवटी एक बारीक ओळ होती :
डॉक्टरकडे जाण्याचा प्रवासखर्च,
अडतीस डॉलर पन्नास सेंट.
टेरेसपर्यंत मीच नेलं होतं तिला, माझ्या गाडीतून.
स्कीना नदी सबंध वाट उजव्या हाताला होती,
आम्ही दोघी काचेबाहेर बघत गेलो.

धनादेश वटला त्या शनिवारी ती पुन्हा आली.
टेबलावर नोटा मोजल्या, वर नाण्यं :
हे तुझं. पेट्रोलचं.
नको म्हणायला तोंड उघडलं
आणि तिने माझ्याकडे पाहिलं,
पट्ट्यावर पाहायची तसंच, सुरी थांबवून.

मी पैसे घेतले.
फ्रिजवर चुंबकाखाली आहेत अजून.
दूध आणायला सुटे कमी पडले
तरी त्यांना हात लावत नाही कुणी.
धाकट्याने एकदा विचारलं, हे कशाचे?
म्हटलं, सोळा जुलैचे.